नको म्हटलेली प्रार्थना

मुरुम, १५ जुलै २०२४

शांतवन,

सलाम लिहीत नाही. सलाम मनापासून करायचा असतो, आणि आज माझ्या मनात तुझ्यासाठी दुसरंच काही आहे.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तुझ्याशी भांडता येत नाही म्हणून. काल तू बसमध्ये असताना मी चांगलं तोंडसुख घ्यायला फोन केला होता, आणि तू काय म्हणालास? ‘अक्का, तुला फार राग आलाय असं मला जाणवतंय.’ अरे, जाणवतंय काय! मी ओरडत होते! वर म्हणालास, ‘त्याबद्दल आणखी सांगशील?’ माझ्या तोंडातलं भांडण काढून घेऊन तू त्याची घडी घालून ठेवलीस. हेच शिकवतात वाटतं तुमच्या कॉलेजात. कागद मात्र मध्ये बोलत नाही, म्हणून पत्र.

परवा तू येणार म्हणून अप्पांनी सकाळीच दाढी करून मागितली. पोटाच्या कॅन्सरनं माणूस खाटेला खिळलाय, सोलापूरच्या डॉक्टरांनी ‘आता घरीच ठेवा’ म्हणून परत पाठवलंय, तरी लेक येणार म्हणून पांढरा सदरा घालून बसले. कशासाठी, ते मला ठाऊक होतं. चर्चच्या मंडळीचे उपदेशक म्हणून या माणसानं जन्मभर सायकलवरून आलूर, बेळंब, केसरजवळगा पालथं घातलं. कोण आजारी आहे कळलं की जात बघायची नाही, धर्म बघायचा नाही. आत शिरायचं, टोपी काढायची, डोळे मिटायचे आणि सुरू करायचं. आता त्यांच्या खाटेपाशी त्यांचाच मुलगा उभा राहील, पदवीनंतर चार वर्षं पुण्यात धर्मशास्त्र शिकलेला, आणि डोळे मिटेल, एवढीच त्यांची आस होती.

तू स्टूल ओढून बसलास, पाणी प्यायलास, आणि विचारलंस, ‘अप्पा, मी प्रार्थना केलेली तुम्हाला चालेल का?’

चालेल का! मी चहा घेऊन उंबऱ्यात उभी होते. अरे, पाळक घरात आला की बायका पदर डोक्यावर घेतात, भांडणारी पोरं गप्प होतात, सगळ्यांचे डोळे आपोआप मिटतात. कुणी विचारतं का? जेवायला बसलेल्याला भाकरी चालेल का म्हणून विचारतात का? आपल्या मंडळीत असं फक्त त्यालाच विचारतात, ज्याच्या विश्वासाची खात्री नसते. अप्पांनी भिंतीकडं तोंड केलं आणि म्हणाले, ‘नगं.’

रुसलेल्या माणसाचं ‘नको’ हे नको नसतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तू म्हणालास, ‘बरं, अप्पा.’ आणि मला म्हणालास, ‘अक्का, दार जरा लोटून घेशील?’ तासभर आत काय बोललात की नुसतेच बसलात, मला कळलं नाही, मी स्वयंपाकात होते. सकाळी उठून तू येणेगूरला जाऊन सोलापूरची गाडी धरलीस.

आणि तू गेल्यावर काय झालं ते ऐक. उपासना सुटल्यावर रणधीर पाळक अप्पांना बघायला आले, तर अप्पांनी झोपेचं सोंग घेतलं. बब्रुवान उपदेशक पाळकाला बघून सोंग घेतात! पाळकसाहेब बिचारे मला म्हणाले, ‘टीचर, झोपू द्या त्यांना.’ मी लाजेनं अर्धी झाले. तू त्यांना इतकं दुखावलंयस की आता त्यांना कुणाचीच प्रार्थना नको झालीये.

तू दवाखान्यातला चॅप्लेन होणार म्हणालास तेव्हा अप्पा म्हणाले होते, ‘म्हंजी बिनमेंढराचा मेंढपाळ.’ तेव्हा मी तुझी बाजू घेतली होती. खाटेखाटेला जाऊन बसणारा पाळक असतो, त्याचंही शिक्षण लागतं, असं मंडळीतल्या बायकांना सांगून सांगून माझी जीभ झिजली. परक्यांच्या खाटेपाशी बसायला शिकलास आणि बापाच्या खाटेपाशी तुला साधा शिष्टाचार सुचला नाही. येत्या शनिवारी ये. काही विचारू नकोस. डोळे मीट आणि सुरू कर.

अक्का


मुरुम, २ ऑगस्ट

शांतवन,

आला नाहीसच. तुझं पत्र आलं, पानभर. मी वर्गात पोरांच्या निबंधांवर लाल शाईनं खुणा करते तशा त्यावर केल्यात. परत पाठवणार होते, पण टपालाचे पैसे वाया कशाला घालू?

तू लिहितोस, ‘आजारी माणसाला दिवसभरात कशालाच नको म्हणता येत नाही. सुईला नाही, सलाईनला नाही, भेटायला येणाऱ्यांना नाही. निदान प्रार्थनेला तरी त्याला नको म्हणता यावं, म्हणून आम्ही विचारतो. अप्पांनी नको म्हटलंय. ते नकोच समज. यापेक्षा जास्त मी सांगू शकत नाही.’

सांगू शकत नाही म्हणजे काय? कुणी तुझ्या तोंडावर हात ठेवलाय? मी काय परक्या वॉर्डातली बाई आहे? त्यांची धोतरं-सदरे धुणारी, त्यांना कुशीवर वळवणारी, शाळेतून मधल्या सुट्टीत धावत घरी येऊन तोंडात औषध घालणारी मी, आणि मला सांगता येत नाही! उंटावरून शेळ्या हाकणारा तू, आणि नियम मला शिकवतोस. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

आणखी एक खरं सांग. मागं तूच म्हणाला होतास, की रुग्णाशी झालेलं बोलणं तुम्ही शब्द न् शब्द लिहून काढता, वर्गात वाचता, मग तुमचे सर आणि बाकीची मंडळी कुठं चुकलं, कुठं जमलं ते सांगतात. आमच्या अप्पांचं वाचलंस का? ‘एक वृद्ध ग्रामीण पुरुष’ म्हणून? त्यांनी भिंतीकडं तोंड केलं त्याचे किती गुण मिळाले?

अप्पा आता बोलतच नाहीत फारसं. पेज दिली तर दोन घास घेतात. मी सकाळी पवित्र शास्त्र वाचायला बसले की ‘मागनं वाच’ म्हणतात, आणि मागनं कधी येतच नाही. माझा जीव किती घाबरतो तुला कळायचं नाही. असाच हा माणूस गेला तर? जन्मभर दुसऱ्यांना देवाच्या हाती सोपवणारा माणूस रुसून, तोंड फिरवून, एका शब्दाविना गेला तर मी काय तोंड दाखवू, मंडळीला आणि देवाला?

म्हणून मी एक केलं आहे आणि ते तुझ्या पाठीमागं केलं असं नको, म्हणून लिहिते. तुझ्या नेमणुकीला आपल्या मंडळीची शिफारस लागते. रविवारच्या पंच कमिटीत तो विषय निघाला. मी कमिटीत आहे. मी उठून सांगितलं, की या मुलानं मरणाच्या दारात असलेल्या बापासाठी प्रार्थना केली नाही, आणि कारण विचारलं तर देत नाही. रणधीर पाळक म्हणाले, ‘असा मनुष्य दवाखान्यात काय करणार?’ शिफारस थांबवली आहे.

आता तरी राग येऊ दे तुला. आला तर मला बरं वाटेल.

अक्का


मुरुम, २६ ऑगस्ट

शांतवन,

राग नाहीच आला. ‘मंडळीला जे योग्य वाटेल ते’ असं लिहिलंस. तुमच्या सरांनी बोलावून विचारलं तेव्हाही तू कारण सांगितलं नाहीस म्हणे. बरं. तू तिकडं आपलं मौन सांभाळ, इकडं जे करायला हवं होतं ते मी केलं.

काल आपल्या घरी प्रार्थनासभा घेतली. अप्पांना आधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ‘नगं’ म्हणाले असते, आणि मी काही तुझ्यासारखी शिकलेली नाही. उपासना सुटली तशी सगळी मंडळी इकडंच वळली. चटया कमी पडल्या, शेजारून आणल्या. गाणी झाली. द्वारकाबाईंनी प्रार्थना केली. भगिनी मंडळात त्यांच्यासारखी प्रार्थना करणारी दुसरी बाई नाही, आवाज पार बसस्टँडपर्यंत जातो. त्यांनी अप्पांच्या छातीवर हात ठेवला. रणधीर पाळकांनी कपाळाला तेल लावलं. अप्पांनी खाटेचा गज घट्ट धरला होता आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मंडळीतलं एक माणूस रडायचं राहिलं नाही. द्वारकाबाई मला मिठी मारून म्हणाल्या, ‘टीचर, पाझर फुटला गं म्हाताऱ्याला!’

बघ. फुटला पाझर. कुणी विचारलं नाही, कुणाचं काही बिघडलं नाही. तुझ्या चार वर्षांच्या शिक्षणाला जे जमलं नाही ते चौथी शिकलेल्या द्वारकाबाईंना जमलं.

फक्त तेव्हापासून अप्पांनी तोंडात काही घेतलेलं नाही. माझ्याकडं बघतही नाहीत. थकले असतील. इतकी माणसं, इतका उकाडा. द्वारकाबाई म्हणतात सैतान जाताना असा त्रास देतोच, त्या परत येणार आहेत.

तुला हे कळावं म्हणून लिहिलं. दुसरं काही नाही.

अक्का


मुरुम, १० सप्टेंबर

शांतवन,

तुला माहीत होतं.

हे एवढंच लिहून पत्र टाकणार होते. पण तू त्यावरही ‘अक्का, आणखी सांगशील?’ असं लिहिशील. तर घे.

शनिवारी द्वारकाबाई पुन्हा आल्या. गल्लीत गणपती बसवायची गडबड, बाहेर ढोल, त्यामुळं त्यांचा आवाज आणखी चढलेला. खाटेपाशी येऊन त्यांनी हात वर केला तोच अप्पांनी माझं मनगट धरलं. त्या अंगात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. म्हणाले, ‘हाकल तिला.’ मला वाटलं वात झाला. ‘हाकल, नायतर म्याच मरतो आत्ताच्या आत्ता.’ द्वारकाबाई पदर सावरत निघून गेल्या. मी दार लावलं आणि अप्पांवर ओरडले. हो, मरणाऱ्या माणसावर ओरडले. तुमचं काय चाललंय, मंडळी काय म्हणेल, त्या पोरानं विचारलं म्हणून एवढा राग?

अप्पा म्हणाले, ‘राग? त्येच्यावर? त्येनं तुला काय सांगितलं न्हाय व्हय?’

‘काय सांगायचं होतं?’

‘न्हाय सांगितलं?’ आणि हसले रे. कितीतरी महिन्यांनी हसले. ‘लई पक्का निघाला पोरगा. म्या म्हनलं हुतं, अक्काला सांगू नगं. ती मंडळीत तोंड वर करून जायची न्हाय.’

मग पाणी मागितलं, आणि बोलले. मी त्यांच्याच शब्दांत लिहिते. तुला ते ठाऊक आहे, पण मी ते कसं ऐकलं हे तुलाही कळू दे.

‘मला आता प्रार्थना करवत न्हाय, बाई. लई दिस झालं. पुढं कुनी ऐकतंय आसं वाटत न्हाय. आदी वाटायचं, आता न्हाय. अन् दुसऱ्यानं डोळं मिटलं की मला ती आलूरची पार्वतम्मा दिसती. गाठ झालती तिला छातीत. म्या गेलो तवा ती म्हनली, उपदेशक, एक सांगायचं हाय. म्या म्हनलं, आदी प्रार्थना करू. डोळं मिटलं अन् झालो सुरू. लई मोठी केली, बाहेर मानसं गोळा झालती, मलाबी जोर चढला. डोळं उघडलं तर तिनं भितीकडं तोंड केलतं. परत काय बोललीच न्हाय. आठ दिसांत गेली. काय सांगायचं हुतं तिला? म्या आजून इचार करतो. किती जनांच्या खाटेपाशी गेलो म्या, किती जनांना कायतरी सांगायचं आसंल. शांतवननं मला इचारलं, तवा कळलं. इचारायचं आसतं. म्या नगं म्हनलं अन् त्यो थांबला. जल्मात पयल्यांदा कुनी थांबलं.’

मी त्या खाटेच्या पायथ्याशी बसले. मला रडू आलं नाही, मला तुझा राग आला. एवढा राग मला कधीच आला नव्हता.

तुझं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. ‘ते नकोच समज,’ असं तू लिहिलं होतंस. लिहिलं होतंस, मान्य. पण एका ओळीत! मी इकडं पानंच्या पानं भांडत होते, तुझ्या बापाच्या छातीवर गावातली माणसं आणून बसवत होते, तुझी शिफारस मोडत होते, आणि तू तिकडून एक ओळ लिहितोस? अप्पांचं गुपित फोडायचं नव्हतं, नको फोडूस. पण एक फोन करून ‘अक्के, मूर्ख आहेस तू, त्यांच्या खाटेजवळ कुणाला आणलंस तर बघ’ असं ओरडता आलं नसतं का? गुपित न फोडता भाऊ ओरडू शकतो. तुझ्या त्या सभ्यपणापायी त्या म्हाताऱ्यानं खाटेचा गज धरून ती प्रार्थना सोसली, आणि मी त्याला पाझर म्हणाले. दवाखान्यात असशील तू चांगला. माझ्याशी तू चॅप्लेन म्हणून वागलास, मला भाऊ हवा होता.

आणि हेही लिहूनच टाकते. ‘लई पक्का निघाला’ म्हणताना त्यांच्या तोंडावर जे आलं ना, ते माझ्यासाठी कधी आलेलं नाही. लग्न केलं नाही, बदली घेतली नाही, हे अंग मी झिजवलं. तू एक प्रश्न विचारलास आणि एक तास बसलास. मला तुझा हेवा वाटतो, आणि त्यानं राग आणखी वाढतो. ऐकून घ्यायला शिकला आहेस ना, मग हे ऐक.

आता काम सांगते. काल मी रणधीर पाळकांकडं गेले. सांगितलं, शांतवनबद्दल मी कमिटीत बोलले ते चुकीच्या समजुतीनं, शिफारस द्या. ते म्हणाले, ‘देऊ की. या रविवारी उपासनेनंतर सगळी मंडळी घेऊन तुमच्याकडं येतो. बब्रुवानअण्णांना शेवटचं प्रभुभोजन देऊ, भाकर आणि द्राक्षारस. त्यांनी ते घेतलं की तिथंच, त्यांच्या डोळ्यांसमोर मुलाच्या शिफारशीवर सही करतो.’ माणूस वाईट नाही. त्याला खरंच वाटतं की तो बाप-लेक दोघांचं भलं करतोय. मी म्हटलं, अप्पांना नको आहे. ते समजुतीनं हसले आणि म्हणाले, ‘मागच्या वेळीही त्यांना कुठं हवं होतं, टीचर. बघितलंत ना कसे रडले.’ हे ऐकवायला मीच तर त्यांना शिकवलं होतं.

घरी येऊन अप्पांना विचारलं. होय, विचारलं. मलाही ते जमलं म्हणून तू आता खूश होऊ नकोस. म्हटलं, ‘अप्पा, रविवारी मंडळी येणार आहे. शांतवनच्या शिफारशीचं आहे. घ्याल का?’

शिफारशीचं म्हणजे काय ते विचारून घेतलं. मग म्हणाले, ‘पोराचं काम हुनार आसंल तर घीन. तोंडात धरीन अन् गेल्यावर थुकीन.’

ज्या भाकरीसाठी त्यांनी जन्मभर चप्पल दाराबाहेर काढली, ती ते तुझ्या नोकरीसाठी तोंडात धरून थुंकणार. मी म्हटलं, ‘नाही. घ्यायची नाही.’ ते म्हणाले, ‘मग कोन थांबवनार त्येन्ला?’

म्हणून हे पत्र स्पीड पोस्टनं टाकते आहे. मी एकटी दारात उभी राहिले तर ‘बाई बिथरली’ म्हणतील, द्वारकाबाई मला कवेत घेऊन बाजूला करतील आणि बाकीचे आत जातील. तू उभा राहिलास तर थांबतील, कारण तू मुलगा आहेस. हेही मला सहन होत नाही, पण आहे हे असं आहे. मात्र दारात उभा राहिलास की तुझी शिफारस कायमची गेली. दुसरी मंडळी तुला उभं करून घेणार नाही, इथून पत्र जाईलच. चार वर्षं पाण्यात. आणि का अडवलंस ते तुला कुणाला सांगताही येणार नाही, कारण अप्पांनी तुझ्याकडून तसा शब्द घेतलाय.

माझा राग गेलेला नाही. तो जाईल असं वाटून येऊ नकोस. येणार असशील तर कळवायची गरज नाही. येणार नसशील तरी कळवू नकोस. रविवारी सकाळी मी दारात असेन, पत्र वाचायला मला वेळ नसेल.

अक्का